अक्काची नथ आणि राखेचे प्रोफेसर

आमच्या बसवनगुडीच्या घरात वरच्या खोलीत दर हिवाळ्यात एक अमेरिकन प्रोफेसर येऊन राहायचे. उंची अशी, की जिन्यावरून उतरताना आधी बूट यायचे, मग बराच वेळ नुसती पँट यायची, आणि चेहरा येईपर्यंत माझी कॉफी संपलेली असायची. पुरातत्त्वाचे प्रोफेसर. आयुष्यभर त्यांनी आपलं कर्नाटक खणलं आणि त्यांना काय सापडलं? शेण. तेसुद्धा जळलेलं.

मी थट्टा करत नाही. हजारो वर्षांपूर्वी रायचूरकडचे गुराखी शेण एका जागी रचत आणि मधूनमधून पेटवून देत. त्या राखेचे टेकडीएवढे ढीग अजून तिकडे उभे आहेत. ते का पेटवत, कधी पेटवत, पेटवताना काय खात, एवढंच शोधण्यात या माणसाची हयात गेली. त्यांच्या विद्यापीठातले बाकीचे लोक कुठं राजाची कबर उघडत, कुठं सोन्याचे मणी काढत आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत. आमचे प्रोफेसर प्लास्टिकच्या पिशव्यांत करडी भुकटी भरून मायदेशी परतत. एकदा विमानतळावर तपासणीच्या माणसानं पिशवी उघडली, राख पाहिली आणि चटकन हात जोडले.

"कोण होते?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

प्रोफेसर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "गाई. पुष्कळ गाई."

त्या माणसानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रांगेतून सगळ्यांच्या पुढं काढलं. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण पाहिलं असतं तर असंच दिसलं असतं.

माणूस मूळचा मक्याच्या शेतातला. त्यांच्या गावची जमीन इतकी सपाट, की मी त्यांना पहिल्यांदा आमच्या नंदीच्या देवळाची टेकडी दाखवली तेव्हा त्यांनी आदरानं टोपी काढली. लहानपणी वडिलांच्या नांगराला दगडी बाणाचं टोक लागलं आणि पोरगा शेतीतून गेला. शिकत असतानाच रायचूरकडं आले, मेंढपाळांच्यात राहिले. गावकरी विचारत, "खजिना आहे का खाली?" हे सांगत, "नाही, राख आहे." गावकरी म्हणत, "मग आमच्या चुलीतली ने की, तेवढ्यासाठी एवढा लांब कशाला आलास?" कन्नडही मेंढपाळांकडूनच शिकले. त्यामुळं गांधी बाजारात ते वांग्याचा भाव विचारायला लागले की भाजीवाली शेजारणींना हाका मारून गोळा करायची. गोरा साहेब आणि तोंडात रायचूरचा धनगर! दोन वांगी जास्तच मिळायची.

त्यांची बायको तिकडे दातांची डॉक्टर. झिजलेली हत्यारं ती नवऱ्याला देऊन टाकायची आणि तीच घेऊन हे खणायचे. म्हणायचे, "आमचा दोघांचा धंदा एकच. हळूहळू खरवडायचं आणि कोणी ओरडलं की थांबायचं."

एकच जागा दुखरी होती. गल्लीतलं कुणीही भेटलं की विचारायचं, "प्रोफेसर, सोनं कधी सापडलं का?" ते सांगायचे, "सोनं काही बोलत नाही. राख बोलते." पण कान लाल व्हायचे. त्यातून गुडघे गेलेले. हा हिवाळा शेवटचा, यापुढं खड्ड्यात उतरणं नाही, असं त्यांनी आम्हाला सांगून टाकलं होतं.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं.

आता घरातली माणसं सांगतो. घर माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही ती खोकली की गल्लीतल्या रिक्षा एका रांगेत उभ्या राहतात. तिचे यजमान, आमचे भावजी, सरकारी कचेरीतून निवृत्त. देवधर्म, सोवळं आणि निर्व्यसनी म्हणून ख्याती. शेजारच्या अर्ध्या भागात मी. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचे पंप विकण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं माझ्या बोलण्याला स्वल्प जोर जास्त आहे, एवढं सांभाळून घ्या. भाची इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिथंच तिनं मुलगा पसंत केला. मुलगा पुण्याचा.

पुणं म्हटल्यावर अक्का ताठ झाली. आम्ही इथले मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडं आले. फौज परत गेली, आम्ही कॉफी प्यायला थांबलो. त्यामुळं पुण्याच्या लोकांना आम्ही धड मराठी वाटत नाही आणि इथल्यांना धड कन्नड वाटत नाही. मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, फोनवर प्रत्येक वेळी म्हणायच्या, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता हो!" अक्का गोड हसायची आणि फोन ठेवून अर्धा तास भांडी आपटायची.

अक्काच्या हातात एकच हुकमाचं पान होतं. नथ. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या प्रत्येक नवरीनं घातलेली. सोन्याच्या तारेत गुंफलेले टपोरे मोती, मध्ये लाल खडा. फौजेबरोबर आलेली वस्तू. मी तर सांगतो, फौजच तिच्या संरक्षणासाठी आली होती. सहा महिने अक्का विहीणबाईंना त्या नथीचं वर्णन ऐकवत होती. पोरगी बोहल्यावर उभी राहील ती त्या नथीतच. मग बघूया कोण किती मराठी आहे ते.

लग्न रविवारी, जवळच्या कल्याण मंटपात. बुधवारी सकाळी अक्का मागच्या पायरीवर बसून रिठ्याच्या पाण्यात नथ साफ करत होती. मोती फार वेळ बुडवायचे नसतात, म्हणून लक्ष सगळं तिकडंच. नथ वाटीच्या पाण्यात खळखळवली, एवढ्यात फोन वाजला. विहीणबाई.

"अहो, एक विचारायचं राहिलंच. तुमच्यात तिकडे नथ घालतात का हो? नाही, म्हणजे नसेल तर संकोच करू नका. आम्ही इथून तुळशीबागेतून घेऊन येऊ एक. फार छान मिळतात हल्ली."

सहा महिन्यांचं वर्णन आणि वर हा प्रश्न! अक्काच्या कानापाशी फोन, दुसऱ्या हातात वाटी. "नथ? आमच्यात?" एवढं बोलून तिनं वाटीतलं पाणी सवयीनं, पण नेहमीच्या दसपट जोरानं, कढीपत्त्याच्या झाडाकडं भिरकावलं. रिठ्याचं पाणी ती कढीपत्त्यालाच घालते. त्यानंतर दहा मिनिटं तिनं पुण्याला जे ऐकवलं ते पुण्याला फोनशिवायही ऐकू गेलं असेल.

दुपारी माती आली. मागचं अंगण उंचसखल, तिथं हळदीचा मांडव आणि पंगत व्हायची म्हणून भावजींनी टेम्पोभर तांबडी माती मागवली होती. मजुरांनी ती अंगणभर पसरली, चोपली, पैसे घेतले, गेले. चार वाजता अक्का नथ पुसून डबीत ठेवायला गेली, तर वाटीत रिठ्याचं एक साल तेवढं होतं.

 अक्का रिकामी वाटी आमच्यापुढं धरून नुसती उभी राहिली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा गप्प पाहत होतो. भावजी मात्र कामाला लागले. कुठून तरी फावडं आणलं, धोतर खोचलं आणि पहिला घाव घालणार तोच जिन्यावर धडधडधड आवाज झाला.

"ब्याड्री! ब्याड्री!" म्हणजे नका, नका. प्रोफेसर दोन्ही हात पसरून मातीवर आडवे झाले. त्यांची उंची लक्षात घेता निम्मं अंगण तेवढ्यानंच झाकलं गेलं.

प्रोफेसरांशी यापुढचं सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी ते मराठीत सांगतो. प्रोफेसर म्हणाले, "फावडं माराल तर सोन्याच्या तारेचे तुकडे होतील. मोती चुरतील. अक्का, नथ कुठं आहे ते मला माहीत नाही. पण ती कशावर पडली आहे ते माहीत आहे. तुम्ही बंबाची राख कुठं टाकता?"

"कढीपत्त्याला," अक्का म्हणाली. "कीड लागत नाही. सासूबाईही तिथंच टाकायच्या."

प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की भावजींनी वर दिवा लागलाय का ते पाहिलं. "म्हणजे वर तांबडी माती, खाली राखेनं करडी झालेली जमीन. नथ त्या दोन्हींच्या मधोमध आहे. करडं दिसलं की थांबायचं. अक्का, राखेत मला फसवणारा अजून जन्मलेला नाही."

"रविवारच्या आत?" अक्कानं विचारलं.

प्रोफेसर खोटं बोलत नाहीत, त्यामुळं बोललेच नाहीत.

गुरुवारी सकाळी त्यांनी आधी कुंपणाच्या कोपऱ्यात एक लहानसा खड्डा घेतला. नवी माती किती जाड आहे हे कळावं म्हणून, दुसरा काही हेतू नव्हता. त्यात निघाल्या बाटल्या. चपट्या, छोट्या. एका रांगेत निजवलेल्या, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. प्रोफेसर हरखले. "किती आदरानं पुरल्या आहेत! हा माणूस अत्यंत श्रद्धाळू असला पाहिजे."

भावजी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या रिकामा झाला तरी घालतच राहिले.

"प्रोफेसर," अक्का सावकाश म्हणाली, "पुरणारा उजवा की डावरा, हे सांगता येतं का हो?"

"खड्ड्याच्या उतारावरून..." असं म्हणत प्रोफेसर वाकले. भावजी डावरे आहेत. मी घाईघाईनं म्हणालो, "अक्का, आधी नथ! बाटल्यांचा काळ नंतर ठरवू." भावजींनी माझ्याकडं जन्मोजन्मीच्या कृतज्ञतेनं पाहिलं. मीही जास्त बोललो नाही. त्या बाटल्यांबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

आता प्रश्न असा की एवढ्या अंगणात बघायचं कुठं? सगळं खरवडायला पावसाळा उजाडला असता. प्रोफेसर म्हणाले, "फेक पुन्हा करून बघू." तीच पायरी, तीच वाटी, पाणी आणि नथीच्या वजनाचे चिंचोके. अक्कानं वाटीतलं पाणी फेकलं. चिंचोके तिच्या पायाशी पडले.

"असं नाही," प्रोफेसर म्हणाले. "तेव्हा तुम्ही रागात होता. तेवढाच राग लागेल."

"राग काय नळातून येतो?" अक्का म्हणाली. तिनं पुन्हा फेकलं. चिंचोके दोन हात लांब गेले. बाईचं अवसानच गेलं होतं. रविवारी रिकाम्या नाकाच्या पोरीला घेऊन पुण्यासमोर उभं राहायचं, हेच तिच्या डोळ्यांपुढं दिसत होतं.

मग मी पुढं झालो. घसा साफ केला, मान तिरकी केली आणि विहीणबाईंच्या आवाजात म्हणालो, "अहो, तुमच्यात तिकडे नथ घालतात का हो? तुळशीबागेत फार छान मिळतात हल्ली!"

पाणी असं सुटलं, की आमच्या कारखान्याच्या पाच घोड्यांच्या पंपाला ते जमलं नसतं. चिंचोके कढीपत्त्याच्याही पलीकडं गेले. पाठोपाठ वाटी आली, ती माझ्या कपाळावर. खूण अजून आहे. भेटाल तेव्हा दाखवीन.

"सरी!" म्हणजे बरोबर, असं प्रोफेसर ओरडले आणि चिंचोके पडले तिथं त्यांनी भराभरा लाल कागदाची निशाणं रोवली. "इथं. कढीपत्त्याच्या मागं."

त्या तेवढ्या जागेवर त्यांनी खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात दातांचं हत्यार आणि कुंचला घेऊन बसले. काम काय वेगानं चालायचं म्हणून सांगू? मुंग्या त्यांना ओलांडून पुढं जायच्या, परत येताना पुन्हा ओलांडायच्या. करडी जमीन लागली की बोटांनी चोळायचे, कधी वास घ्यायचे. "ही नारळाच्या सोडणाची. ही लाकडाची." एक करवंदाएवढी गाठ हातात धरून म्हणाले, "अक्का, कधी तरी गोवऱ्या जाळल्यात!" आणि एवढे खूश झाले, की नथ ते बहुधा विसरूनच गेले होते. चाळणीतून निघाल्या बांगड्यांच्या काचा, एक गोटी, खोडरबर आणि भाचीचा दुधाचा दात, जो उंदरानं नेला असं तिला सांगण्यात आलं होतं. नथ नाही. हळदीचा मांडव आम्ही पुढच्या दारी हलवला.

शनिवारी पुण्याची मंडळी आली. विहीणबाई घर बघत बघत मागच्या दारी आल्या आणि थबकल्या. अंगणात दोऱ्यांचं जाळं, लाल निशाणं, आणि मध्ये खड्ड्यात टोपी घातलेला एक गोरा म्हातारा, हातात कुंचला.

"हे काय हो?"

अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. नथ हरवली हे सांगायचं तर सहा महिन्यांची सगळी मिरवणूक मातीत. तेवढ्यात भावजी, ते सोवळ्यातले भावजी, बाटल्यांनी आधीच मोकळे झालेले, शांतपणे म्हणाले, "आमच्यात लग्नाआधी अंगण दोरीनं बांधतात. जुनी पद्धत."

"आणि हे?"

"हे जाणकार. दर वर्षी येतात."

विहीणबाई मागं हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. पद्धत म्हटल्यावर पुण्याला माहीत नाही असं कसं चालेल? "हो हो, आमच्या आजोळी पण होतं असं काहीसं," म्हणाल्या, आणि आतून करंडा मागवून त्यांनी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. मग थोडा विचार करून प्रोफेसरांनाही लावलं. प्रोफेसरांनी नमस्कार केला आणि पुन्हा खाली वाकले.

रविवार उजाडला. मुहूर्त साडेदहाचा. पोरगी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तयार. अक्कानं गांधी बाजारातून आणलेली खोटी नथ पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. ती गाठ ती सारखी चाचपत होती. दारात गाडी उभी. भावजी हाका मारत होते. "चला, चला, गुरुजी दोनदा फोन करून झाले!"

"अक्का!" मागच्या अंगणातून हाक आली. मोठी नव्हती. पण त्या हाकेत असं काही होतं, की आम्ही सगळे, शालूसकट, मागं पळालो.

कढीपत्त्यामागच्या शेवटच्या चौकोनात सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं. करड्या राखेवर, अगदी तिच्या अंगाला टेकून, एक मोती डोळा उघडून बघत होता. त्याच्या बाजूला सोन्याच्या तारेचा एक वेढा. बाकीची नथ अजून मातीत.

 प्रोफेसरांनी कुंचला खाली ठेवला. "आधी फोटो," ते म्हणाले, "मग माप. मग चित्र. मगच उचलायचं."

"किती वेळ लागेल?" भावजींनी विचारलं.

"दोन तास. घाई केली तर."

"प्रोफेसर, मुहूर्त!" मी ओरडलो.

"मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना हेच सांगितलं," ते खालीच बघत बोलत होते. "एकदा उचललं की ती वस्तू कुठं होती, कशी होती, ते गेलं. पुन्हा कधीच मिळत नाही. याच कारणासाठी एका मुलाला मी छावणीतून घरी पाठवलं होतं. आणि हे माझं..."  कान लाल झाले होते.

अक्का खड्ड्याच्या कडेला उभी होती. वाकली असती तर हात सहज पोचला असता. नथ तिची, अंगण तिचं, पोरगी तिची. मला वाटलं, आता ही झडप घालते. पण अक्कानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, वर्गात उभी राहायची तशी.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "तुम्ही सांगेपर्यंत मी हात लावणार नाही. खोटी नथ आहे माझ्याकडं. तीच घालीन पोरीला."

प्रोफेसरांनी वर पाहिलं. आधी अक्काकडं, मग पोरीच्या मोकळ्या नाकाकडं. मग बायकोचं ते झिजलेलं हत्यार अलगद मातीत घातलं, एकदा, दोनदा, एक फुंकर मारली आणि नथ अख्खी वर आली. त्यांनी ती स्वतःच्या तळहातावर काही क्षण ठेवली. "बंगारऽ," एवढंच म्हणाले. रायचूरकडं सोन्याला बंगार म्हणतात. आणि ती अक्काच्या ओंजळीत टाकली.

मुहूर्त आम्ही गाठला. गाडीत अक्कानं नथ पदरानं पुसली, पोरीच्या नाकात अडकवली आणि खोटी माझ्या खिशात कोंबली. बोहल्यावर विहीणबाई चष्मा वर करून अगदी जवळून नथ न्याहाळत होत्या. "खरीच हो जुनी," म्हणाल्या. "बघा ना, अजून राख आहे लागलेली."  अक्काला बोलायची गरजच उरली नव्हती. ती फक्त एक इंच उंच झाली.

मग आमचे प्रोफेसर पुढं आले. अंगावर रेशमी पंचा, गुडघ्यांवर माती. चित्र हुकलं होतं, जागा हुकली होती, पण माणूस हाडाचा. फोटोग्राफरला बाजूला सारून त्यांनी खिशातून काळ्यापांढऱ्या चौकोनांची मापाची पट्टी काढली आणि नवरीच्या गालाला लावून धरली. दुसऱ्या हातात उत्तर दिशा दाखवायचा बाण. पण नवरी दक्षिणेला बघत होती. त्यांनी नवरीला फिरवलं, नवऱ्याला फिरवलं, गुरुजींना फिरवलं, आणि अख्खं बोहलं उत्तरेला तोंड करून उभं राहिल्यावर म्हणाले, "आता काढा."

त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या सोन्याची एवढीच नोंद झाली. तो फोटो पुण्यातल्या दिवाणखान्यात चौकटीत लावलाय. नवरी, नथ, गालाशी पट्टी.

प्रोफेसर मायदेशी परत गेले. आता तिकडे बायकोच्या दवाखान्यात मासिकं चाळत बसतात म्हणे. कढीपत्ता एकदम फोफावलाय. मागच्या महिन्यात अक्का मागच्या पायरीवर बसून वाटीत चिंच भिजवत होती, तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलंय.

"अहो, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "ती तुमच्यातली पट्टी धरायची पद्धत. आम्ही पण करणार आहोत. काळीपांढरीच लागते का हो, की दुसरी चालते?"

अक्कानं आधी हातातली वाटी खाली ठेवली. मग उत्तर दिलं.